डाउवेच्या शेगडीचं टेबल

११ एप्रिल, मंगळवार

हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. रोज काय केलं, किती चाललात, छातीत कसं वाटलं ते लिहीत जा, तीन महिन्यांनी आम्हाला दाखवा, म्हणाल्या. तर लिहितो. चाललो : चर्चपासून पुलापर्यंत आणि परत. छाती : ठीक. उचललं : काही नाही. दहा किलोच्या वर उचलायचं नाही अशी ताकीद आहे, आणि हिंके माझ्यावर पहारेकऱ्यासारखी नजर ठेवून असते. काल बटाट्यांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

सकाळी डाउवे कॉफीला आला. गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. अडतीस वर्षं आमच्या गावचा पूल होड्यांसाठी वर घ्यायचा आणि खाली करायचा, हे त्याचं काम. मुलांनी मिळून त्याला निवृत्तीची भेट म्हणून शेगडी दिली आहे. साधीसुधी नाही. चिनी मातीची, अंड्याच्या आकाराची, गडद निळी, झाकणासकट नव्वद किलोची. तिच्यात म्हणे मांस बारा तास मंद आचेवर ठेवता येतं. आम्ही दोघं तीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्या धक्क्यावर, आडव्या कापलेल्या पिंपात कोळसे घालून बांगडे भाजतो. ते वीस मिनिटांत होतात. उरलेल्या पावणेबारा तासांत काय करायचं, असं मी विचारलं. तो हसला. मग म्हणाला, "तिला टेबल लागणार. लाकडाचं. मधे गोल भोक, त्यात ती बसते." आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मी वाट बघितली. मी एक्केचाळीस वर्षं होड्यांच्या कारखान्यात सुतारकाम केलं. डाउवेच्या घरातला जिना, कपाट, त्याच्या नातीचा पाळणा, सगळं माझ्या हातचं आहे. त्याने तोंड उघडायचाच अवकाश होता. हिंके समोर बसून बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत होती, ते काही केल्या लागेना. डाउवेने कॉफी संपवली, तिच्याकडे एकदा बघितलं, टोपी घातली आणि गेला.

१४ एप्रिल

चाललो : पुलापर्यंत. छाती : ठीक.

टेबलाचं चित्र काढून ठेवलं. डाउवेने विचारलं तर हाताशी असावं. वरची फळी लार्चच्या लाकडाची, पाय जाड, खालच्या फळीवर दगडी लादी, म्हणजे लाकूड तापणार नाही. नव्वद किलो म्हणजे चेष्टा नाही. वर घरातल्यासारखं सुबक, खाली होडीसारखं दणकट, असं ते टेबल असायला हवं.

१५ एप्रिल

आला नाही.

१९ एप्रिल, बुधवार

पुलावरून दिसलं. डाउवेच्या शेजारच्या घरासमोर गाडी उभी, मागे ट्रेलर, ट्रेलरवर नव्या फळ्या. एका टोकाला डाउवे, दुसऱ्या टोकाला तो बास्टियान. दोघं फळ्या आत नेत होते आणि हसत होते. फळी धरून हसायचं नसतं, बोट चेंगरतं.

हा बास्टियान गेल्या शरद ऋतूत हार्लेमहून आला. चाळिशीचा असेल. बायकोपासून वेगळा झालेला, शहरातल्या शाळेत गणित शिकवतो. फेब्रुवारीत मी हॉस्पिटलात होतो तेव्हा डाउवे रोज भेटायला यायचा, तो याच्याच गाडीतून. त्याची गाडी, त्याची वेळ. अर्ध्या तासाने हा दारात उभा राहून घड्याळाकडे बघायचा. निदान मला तसं वाटायचं. हिंके म्हणते तो पार्किंगची वेळ बघत असायचा.

घरी येऊन हिंकेला सांगितलं. ती म्हणाली, "मग बरंच झालं की. तुझ्यामागचं काम टळलं."

मी म्हणालो की माझ्याशिवाय डाउवेने आजवर घरात साधा खिळा ठोकला नाही. ती म्हणाली, "येले, तो तुझा मित्र आहे. तुझी बायको नाही." आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

छाती : जड. पण ते कशाने हे मला माहीत आहे, नर्सबाईंना सांगायची गरज नाही.

२६ एप्रिल

डाउवेने स्वतः फोन केला, ये, बघून जा. गेलो. बास्टियानच्या गॅरेजमध्ये सगळं मांडलं होतं. त्याने मिलिमीटरच्या चौकटीच्या कागदावर चित्र काढलंय, तीन रंगांच्या पेन्सिलींनी. कोन अगदी बरोबर, आकडे अगदी बरोबर. लाकडाबद्दल त्याला शून्य कळतं. फळ्या ओल्या आहेत. हात लावला तरी गार लागतात. हे सगळं तो व्हिडिओ बघून शिकला, आणि ते सांगायला त्याला लाजही वाटत नाही.

डाउवेच्या कानावर पेन्सिल खोचलेली होती. तशी मी खोचतो. त्याच्या हातात करवत होती आणि केसांत भुसा, आणि चेहरा पहिल्यांदा पोहायला शिकलेल्या पोरासारखा. मला म्हणाला, "कसं वाटतंय?"

लाकूड ओलं आहे, मी म्हणालो.

"ते वाळेल. तू काय केलं असतंस?"

"मी? मी हे सुरूच केलं नसतं."

बास्टियान हसला, त्याला विनोद वाटला. डाउवे हसला नाही. कानावरची पेन्सिल काढून त्याने खिशात ठेवली. मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण वही माझी आहे.

३ मे

शेडमध्ये ओकच्या फळ्या आहेत, कारखाना सोडताना मालकाने दिलेल्या. बारा वर्षं वाळलेल्या. त्या काढल्या. एकेक करून, दहा किलोच्या आतल्याच. मी टेबल बनवणार आहे. तसंच, मधे भोक असलेलं. मग गावाला दोन्ही शेजारी शेजारी बघू दे.

रंधा मारताना छाती : ठीक. खरं तर फेब्रुवारीपासून इतकी ठीक कधी नव्हती.

६ मे, शनिवार

महिन्याचा पहिला शनिवार. बांगडे आणले, पिंप पेटवलं. डाउवेने दुपारी कळवलं की आज वरच्या फळीचं भोक कापायचंय, यंत्र भाड्याने आणलंय, उद्या परत द्यायचं, तर जरा उशीर होईल. मी चार मासे भाजले. हिंके बटाटे घेऊन धक्क्यावर आली आणि तिने एक खाल्ला. मी दोन. एक राहिला.

साडेसातला ते आले. ते, म्हणजे दोघं. बास्टियानने बाटली आणली होती, कडू औषधी दारू, आमच्याकडचीच, कुणीतरी त्याला सांगितलं असणार काय आणायचं ते. डाउवे भोक कसं कापलं ते हात गोल फिरवून सांगत होता, एका दमात कापलं, इकडचं तिकडे झालं नाही. मी राखेवर पाणी ओतलं. फार धूर झाला. ते लवकर गेले.

९ मे

हिंकेने शेड उघडली. पाय आणि चौकट तयार होते. ती बराच वेळ बघत उभी राहिली. माझं काम तिला नेहमी आवडतं, पण ती ते बोलली नाही. "कुणासाठी?" एवढंच विचारलं.

आपल्यासाठी.

"आपल्याकडे शेगडी नाही."

येईल.

"या टेबलात बसायची तर ती डाउवेच्या शेगडीएवढीच हवी. भोक तेवढंच आहे."

मग ती चिडली. डॉक्टर काय म्हणाले, तू काय करतोयस, मी रात्री तुझा श्वास मोजत झोपते ते काय यासाठी. "आणि मी डाउवेला उगाच..." असं म्हणून ती थांबली. उगाच काय, विचारलं. काही नाही म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली. पाऊस भुरभुरत होता. बायका रागावल्या की काय करतात ते त्यांनाच माहीत.

१७ मे

माझं टेबल झालं. तेलाचा दुसरा हात दिला. एक स्क्रू नाही त्यात, सगळे जोड खाचेत बसवलेले. शेडमध्ये अंधार आहे, नीट दिसत नाही. मीच बघतो दिवसातून दोन-तीनदा.

२४ मे, बुधवार

हे सगळं नीट लिहायला हवं.

डाउवेचं टेबल झालं. त्याने बोलावलं. अंगणात, पाण्याच्या कडेला, चाकांवर उभं होतं. लांबून वाईट नाही. जवळून कडा जरा कमी-जास्त, पण वाईट नाही, हे मला मान्य करावं लागेल. बास्टियान शाळेत होता. रिक्स्टने, म्हणजे डाउवेच्या बायकोने, केक कापला. डाउवे कपडे बदलून बसला होता, जणू परीक्षक येणार होते.

"नीट बघ," तो म्हणाला. "खालून पण. तू बघितल्याशिवाय मी त्यावर शेगडी ठेवणार नाही, असं मी बास्टियानला सांगितलंय."

मी गुडघ्यावर बसलो, खाली वाकलो. आणि बघितल्याबरोबर दिसलं. शेगडी ज्या खालच्या फळ्यांवर बसणार, त्या फळ्यांच्या खाली काहीच नाही. आडवी तुळई हवी, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत, निदान दोन. तिथे नुसत्या चार लोखंडी पट्ट्या, कोपऱ्यांत, आखूड स्क्रूंनी मारलेल्या. आणि स्क्रू फळ्यांच्या टोकांत, जिथे लाकूड स्क्रूला धरत नाही, त्यातून ओल्या लाकडात. वाळलं की ते स्क्रू आपोआप सैल होणार. वर नव्वद किलो.

किती वेळ बघत होतो माहीत नाही. गुडघा दुखायला लागला. वर डाउवेचे बूट दिसत होते. तो श्वास रोखून उभा होता, ते बुटांवरूनही कळत होतं.

मी उठलो आणि म्हणालो, "ठीक आहे."

त्याने माझा हात धरून हलवला. रिक्स्टने केकचा दुसरा तुकडा दिला. तो मी खाल्ला.

आता विचार करतो. मी खोटं बोललो का? ठीक म्हणजे काय, उभं आहे, पडलेलं नाही. ते लगेच काही होणार नाही. जुलै-ऑगस्टपर्यंत फळ्या खाली झुकतील, शेगडी तिरकी होईल, झाकण लागेनासं होईल. मग डाउवे टोपी हातात घेऊन येईल आणि म्हणेल, येले, जरा बघतोस का. मी तुळई घालून देईन. अर्ध्या तासाचं काम. आणि गणितवाला बाजूला उभा राहून बघेल. एवढंच मला हवं आहे. एवढं मागणं काही फार नाही.

छाती : ठीक.

२७ मे

सांगायला निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो. कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला. चौघं मिळून शेगडी उचलून टेबलात बसवत होते, डाउवे पूल उघडतानाच्या आवाजात सूचना देत होता, सावकाश, सावकाश, टेकवा. मग टाळ्या. बास्टियान म्हणाला, "बघा डाउवे, हललंसुद्धा नाही." डाउवे म्हणाला, "येलेने पास केलंय ते."

मी परत आलो. हे ऐकल्यावर पुढे कसं जायचं.

२ जून, शुक्रवार

उद्या डाउवेकडे पंधरा-सोळा माणसं आहेत. पहिला शनिवार आहे, पण यावेळी माझ्या धक्क्यावर नाही.

हिंके म्हणाली, काय झालंय तुला, आठ दिवस जेवत नाहीस. काही नाही म्हणालो. मग फोन केला. ठरवलं होतं की एका वाक्यात सांगायचं : उद्या पेटवू नका, खाली तुळई नाही. फोन बास्टियानने उचलला. डाउवेचे हात मसाल्यात आहेत, मला सांगा, मी निरोप देतो, म्हणाला. तुम्ही उद्या लवकर याल ना, डाउवे सकाळपासून तुमचंच नाव घेतोय.

मी विचारलं, किती वाजता यायचं. चार वाजता, तो म्हणाला. बरं म्हणालो आणि ठेवला.

त्याच्याकडे निरोप द्यायचा, आणि तोही डाउवेसाठी? तीस वर्षांत मला डाउवेशी बोलायला कधी मधे माणूस लागला नाही.

३ जून

पडलं.

४ जून, रविवार

सगळे अंगणात होते. शेगडी सकाळपासून पेटलेली. वारा फिरला आणि धूर बायकांच्या बाजूला जायला लागला, म्हणून डाउवे म्हणाला, जरा टेबल सरकवू. त्यासाठीच तर चाकं आहेत. त्याने आणि बास्टियानने दोन बाजूंनी धरलं. एक चाक फरशीच्या सांध्यात अडकलं, टेबलाला हिसका बसला, आणि खालच्या फळ्या एका टोकाने सुटल्या. शेगडी आतल्या आत खाली गेली आणि कलंडली. झाकण उघडलं. डाउवेने तिला धरायला हात घातला. नव्वद किलोला. कोण घालतं? ज्याला ती फार आवडते तो घालतो.

मी ओरडलो, असं हिंके म्हणते. मला आठवत नाही. हातात ग्लास होता एवढं आठवतं.

शेगडी डाउवेच्या पायावर आली. निखारे डाव्या हातावर, कोपरापर्यंत. बास्टियानने त्याला ओढून पाण्याकाठी नेलं आणि पोटावर झोपून त्याचा हात कालव्यात धरून ठेवला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, वीस मिनिटं, हलला नाही. स्वतःची बाही जळाली होती ते त्याला माहीतसुद्धा नव्हतं. डाउवे त्याच्या खांद्याला डोकं लावून कण्हत होता.

आणि मी दहा पावलांवर उभा राहून काय विचार केला ते लिहितो. तिथे मी असायला हवा होतो, असं वाटलं. त्या वेळीही.

६ जून

घोटा दोन ठिकाणी मोडलाय. प्लेट बसवली. हाताची त्वचा बरी होईल, डाग राहील. बोटं हलतात. हॉस्पिटलात गेलो तेव्हा तो औषधाच्या गुंगीत होता. रिक्स्टने माझे दोन्ही हात धरले आणि तुझी छाती कशी आहे विचारलं.

परत येताना गाडीत हिंके रडायला लागली. चालवत होती म्हणून रस्त्याच्या कडेला थांबवली.

"मीच त्याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला विचारू नको म्हणून. एप्रिलमध्ये, तो कॉफीला यायच्या आदल्या दिवशी. तू काम हातात घेतलंस की थांबत नाहीस, आणि तुला परत काही झालं तर मी काय करू. त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, मग दुसऱ्या सुताराला तर मी लावणार नाही, येलेला सहन व्हायचं नाही. मोडकंतोडकं मीच करतो."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाई होत्या. पूर्ण शेतभर गाई, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून.

तिने विचारलं, तू रागावलास का माझ्यावर. नाही म्हणालो. तिला अजून काही माहीत नाही.

१३ जून

गावात बोलतात. कारखान्यातल्या जुन्या लोकांनी मला दुकानात गाठलं. मास्तरने पुस्तकातलं टेबल बनवलं, माणूस जायचा वाचला, वगैरे. मी पाव घेतला आणि निघालो. दोन महिन्यांपूर्वी हेच बोलणं ऐकायला मी काय नसतं दिलं.

बास्टियानच्या घराचे पडदे ओढलेले असतात. त्याने ते टेबल कुऱ्हाडीने फोडलं असं रिक्स्ट म्हणाली. रोज तो तिला हॉस्पिटलात नेतो-आणतो, पण आत जात नाही, गाडीत बसून राहतो. घर सोडायचं म्हणतोय.

२१ जून, बुधवार

डाउवे घरी आला आहे. पाय उशीवर, हाताला पट्टी. आज पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. जाताना मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, आणि बसल्यावर हवामानावर बोललो.

तोच म्हणाला, "बास्टियानला समजाव जरा. तो माझ्याकडे बघत नाही. मी त्याला सांगितलं, अरे, हे दिसण्यासारखं नव्हतंच. येलेने खाली वाकून बघितलं, पाच मिनिटं बघितलं. येलेला दिसलं नाही म्हणजे कुणालाच दिसलं नसतं."

मी त्याच्या पायाखालची उशी सरळ केली. तो मऊ आवाजात म्हणाला, "तू पण मनाला लावून घेऊ नकोस. तुझं ते फेब्रुवारीतलं दुखणं, औषधं. माणसाची नजर कमी होते. मी तुला तेव्हा बघायला लावायलाच नको होतं. चूक माझी आहे."

आणि त्याने चांगल्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हाताऱ्या कुत्र्याला थोपटतात तसं.

इथे खरं लिहितो. मी बोललो ते पश्चात्तापाने नाही. मला ते थोपटणं सहन झालं नाही.

"मला दिसलं होतं," मी म्हणालो. "वाकल्याबरोबर दिसलं. खाली तुळई नव्हती, आणि स्क्रू फळ्यांच्या टोकांत होते. माझ्या नजरेला काही झालेलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता. मग त्याने तो उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला, दुखऱ्या हाताशेजारी.

"मग ठीक आहे का म्हणालास?"

तू त्याच्याबरोबर केलंस म्हणून, मी म्हणालो. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कसं ऐकू येतं ते मला तेव्हा कळलं.

बाहेर एक होडी पुलापाशी भोंगा वाजवत होती. नवीन माणसाला उघडायला वेळ लागत होता. डाउवेने सवयीने तिकडे मान वळवली आणि ती तशीच ठेवली.

"घरी जा, येले," तो म्हणाला.

२२ जून

हिंकेला सांगितलं. संध्याकाळी तिने माझं ताट वाढलं आणि आपलं घेऊन माडीवर गेली.

२४ जून

बास्टियानकडे गेलो. तीनदा घंटा वाजवली तेव्हा दार उघडलं. दाढी वाढलेली. आत खोकी बांधलेली दिसली. तो मला आत या म्हणेना, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, डाउवेला सांगितलं तसंच. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तीन आठवडे मी ती बेरीज करतोय. कुठला आकडा चुकला. वर्गात मुलांसमोर उभा राहतो आणि डोक्यात तेच."

आकडे बरोबर होते, मी म्हणालो. आकडे सगळे बरोबर होते. पण शिकवायला शेजारी कुणीतरी असावं लागतं, आणि होता तो गप्प बसला.

"डाउवे तुमच्याबद्दल काय काय बोलायचे माहीत आहे?" तो म्हणाला. "करवत कशी धरायची हे मला त्यांनी शिकवलं. येले अशी धरतो, येले असं करतो. तुमच्या नावाशिवाय एक फळी कापली नाही आम्ही." आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं, ते जास्त लागलं.

१ जुलै, शनिवार

पहिला शनिवार. काही पेटवलं नाही.

११ जुलै

नर्सबाईंना वही दाखवायची होती. चुकून घरी राहिली असं सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळं छान आहे, आता उचला हवं ते. घरी आलो. उचलायला काही नव्हतं.

२० जुलै

बास्टियानची खोकी बाहेर आलेली नाहीत. आज त्याच्या खिडकीचे पडदे उघडे होते. मी पुलावरून गेलो, त्याने बघितलं, मान हलवली नाही, पण पडदाही ओढला नाही.

हिंके आता माझ्यासोबत जेवते.

५ ऑगस्ट, शनिवार

दुपारी अंगणात कुबडीचा आवाज आला. मी शेडमध्ये होतो. डाउवे दारात उभा. इतकं अंतर तो एकटा चालत आला होता, घामाने निथळत होता. मी खुर्ची पुढे केली. ती त्याने घेतली नाही, दुसरी घेतली, दाराजवळची, आणि पाय लांब करून बसला. डाव्या हातावर गुलाबी डाग, मनगटापासून वर, नकाशासारखा.

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"मी काही मिटवायला आलो नाही," तो म्हणाला. "राग आहे. बराच आहे, आणि जाईल असं दिसत नाही. रिक्स्टसमोर किती दिवस तेच बोलणार, ती कंटाळली. बास्टियानसमोर बोललो की तो स्वतःला दोष द्यायला लागतो." त्याने कुबडी भिंतीला टेकवली. "शेवटी म्हटलं, ज्याचा राग आहे त्याच्याकडेच जाऊन बसावं."

बस, मी म्हणालो.

तो बसला. मी एका जुन्या खिडकीच्या चौकटीला पॉलिशपेपर मारत होतो, ते करत राहिलो. असा तासभर गेला. एकदा त्याने पायाची बाजू बदलली आणि दुखल्याने तोंड वाकडं केलं, तेव्हा मी हात थांबवला. तो म्हणाला, "कर तू तुझं." मी केलं. हिंकेने खिडकीतून बघितलं आणि आत गेली, बाहेर आली नाही.

जायला उठला तेव्हा मी पोचवायला निघालो. नको म्हणाला. फाटकापाशी थांबून, मागे न बघता म्हणाला की मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, त्यामुळे मंगळवारी जमणार नाही. बुधवारी येईन.

मी परत येऊन खुर्ची होती तिथेच राहू दिली. मंगळवारी त्याला डॉक्टरकडे बास्टियान नेणार असेल. विचारलं नाही. विचारायचं फार मनात होतं, ते लिहून ठेवतो.